शिरोलीतील व्हॉल्व्हवाले

व्हॉल्व्हवाला हा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आढळणाऱ्या कारखानदारांचा एक पोटप्रकार आहे. तो बहुधा फौंड्रीचा मालक असतो, धंद्यातल्या दुसऱ्या पिढीतला असतो आणि पन्नाशी ओलांडलेला असतो. भट्टी चालू असते, बँकेचे हप्ते आटोक्यात आलेले असतात, मुलगा ऑफिसात बसायला लागलेला असतो, आणि संध्याकाळी सातनंतर करायचे काय हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच समोर येतो. या टप्प्यावर काहीजण म्हशी घेतात, काहीजण राजकारणात जातात. व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प्लिफायर घेतो. तिन्हींत खर्चाचा अंदाज चुकतो.

छंदाचे मूळ वडिलांच्या रेडिओत सापडते. 1 एप्रिल 1955 रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. त्याचे संगीतकार सुधीर फडके जन्माने कोल्हापूरचे, त्यामुळे इथे ते घरचे कार्य समजून ऐकले गेले, आणि ऐकले गेले ते व्हॉल्व्हच्या रेडिओवर; खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेतच 1954च्या अखेरीस बाजारात आला होता. व्हॉल्व्हवाला तेव्हा जन्मलेलाही नसतो, पण ते ऐकल्याची आठवण मात्र त्याला पक्की असते. बटण फिरवल्यावर आवाज यायला अर्धा मिनिट लागे, हे तो दर्जाचा पुरावा म्हणून सांगतो.

यंत्रापुरते पाहिले तर प्रकरण सरळ आहे. व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात काचेची नळी. तिच्यात तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, पलीकडच्या प्लेटकडे ओढले जातात, आणि मधल्या जाळीवरचा किंचितसा विद्युतदाब त्यांचा ओघ कमीजास्त करतो. 1947 साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि हेच काम काही न तापवता होऊ लागले. ईएल34 जातीच्या चार नळ्यांचा घरगुती अ‍ॅम्प्लिफायर घेतला, तर त्या नळ्या नुसत्या तापवायलाच सुमारे 38 वॅट जातात. प्लेटवर चारशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि नळ्यांची स्पीकरशी गाठ घालून द्यायला प्रत्येक बाजूला एक जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला तो सहसा लागत नाही, म्हणून तो हलका, स्वस्त आणि व्हॉल्व्हवाल्याच्या मते संशयास्पद असतो. फौंड्रीवाल्याचा सगळा माल किलोच्या भावाने जातो. वीस-पंचवीस किलोचे यंत्र त्याला ऐकण्याआधीच पटलेले असते.

ऐकू येणारा फरक मुख्यतः विकृतीचा आहे. व्हॉल्व्ह मूळ स्वरात पदरचे थोडे घालतो, त्यातही दुप्पट कंपनसंख्येचा दुसरा हार्मोनिक जास्त. मध्य षड्जाच्या दुप्पट म्हणजे तार षड्ज. तो मूळ स्वराशी भांडत नाही, उलट आवाज भरल्यासारखा वाटतो. एकाच नळीवर चालणाऱ्या सिंगल-एंडेड यंत्रात पूर्ण ताकदीला ही भर काही टक्क्यांपर्यंत जाते. चांगल्या ट्रान्झिस्टर यंत्रात विकृती 0.01 टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी राहते. शिवाय ताकद संपत आली की व्हॉल्व्ह हळूहळू मोडतो आणि ट्रान्झिस्टर एकदम. ‘उबदार आवाज’ म्हणून शिरोलीत जे सांगितले जाते ते बरेचसे एवढेच.

या जातीच्या स्वभावातली मोठी विसंगती इथेच आहे. इंडक्शन भट्टी विजेच्या लाइनवर हार्मोनिक्स सोडते. वीज पुरवणाऱ्याची त्यावर मर्यादा असते, म्हणून मालक कारखान्यात महागडे फिल्टर बसवून ते काढून टाकतो. संध्याकाळी घरी येऊन तोच मालक हार्मोनिक्स घालणाऱ्या यंत्रासमोर डोळे मिटून बसतो आणि त्याचीही किंमत लाखातच मोजतो. कास्टिंगमधल्या एका ब्लो-होलपायी गाडीभर माल परत घ्यावा लागलेला हा माणूस टक्क्यांतली विकृती ‘जीव आहे आवाजात’ म्हणून पास करतो. त्यातून त्याचे यंत्र बहुधा पुश-पुल पद्धतीचे निघते. त्यात आउटपुटच्या जोडनळ्या एकमेकींचे सम हार्मोनिक बरेचसे खोडून काढतात, म्हणजे ज्याचे कौतुक चालले आहे तो दुसरा हार्मोनिक त्या टप्प्यावर फारसा उरतच नाही. हे त्याला कुणी सांगत नाही. चहा त्याच्या घरचा असतो.

सांगणारा एकच, शेजारच्या प्लॉटमधला सीएनसीवाला. हा वयाने पंधरा वर्षांनी लहान, इंजिनिअर, ट्रान्झिस्टर पक्षाचा. दोन्ही यंत्रे पडद्याआड ठेवून, आवाज मीटरने सारखा करून ऐकू, असा त्याचा आग्रह असतो. अर्ध्या डेसिबलने मोठे वाजणारे यंत्र कानाला उगाच सरस वाटते हे त्याला ठाऊक असते. “भावा, तंबोरा काय मीटर लावून जुळवत्यात व्हय?” हे त्यावरचे ठरलेले उत्तर. “आण्णा, कास्टिंग आलं की तुम्ही आधी मीटरच लावताय की,” हे प्रत्युत्तर. पडदा काही लागत नाही.

पाहुण्याला ऐकवायची गायिकाही ठरलेली, केसरबाई केरकर. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई आणि केसरबाई त्यांच्या शिष्या, तेव्हा त्यांच्यावर कोल्हापूरकराचा हक्क गृहीतच असतो. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर त्यांची भैरवी अवकाशात गेली. ती नेणाऱ्या यानात सगळे ट्रान्झिस्टर आहेत, असा मुद्दा सीएनसीवाला काढतो. त्यावर व्हॉल्व्हवाला सावकाश सांगतो की पृथ्वीकडे संदेश धाडायला त्यावर निर्वात नळीचा अ‍ॅम्प्लिफायरही बसवलेला आहे. हे खरे आहे. या वादात व्हॉल्व्हवाला निर्विवाद जिंकतो तो एवढ्या एका मुद्द्यावर.

कानांचा विषय मात्र दोघेही टाळतात. साचे फोडण्याच्या (शेकआउट) आणि ग्राइंडरच्या गोंगाटात वर्षे काढली की ऐकणे आधी 4000 हर्ट्झच्या आसपास खचते. कामगारांना इअरप्लग सक्तीने घालायला लावणारा मालक स्वतः ते घालत नाही, कारण फोन ऐकू आला पाहिजे. अशा कानांनी तो टाळांच्या झंकारातला बारीक फरक सांगतो, आणि ऐकणारे मान डोलावतात, कारण त्यांचेही कान शिरोलीचेच.

प्रत्यक्ष निवड अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा स्पीकर ठरवतो, आणि दोन्ही पक्ष तो शेवटी घेतात. स्पीकरची संवेदनशीलता 3 डेसिबलने कमी असली की तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात. एक वॅटला 94 डेसिबल किंवा त्याहून जास्त देणारा स्पीकर, बेताची खोली आणि मुख्यतः गाणे ऐकायचे असेल, तर आठ-दहा वॅटचा व्हॉल्व्ह पुरतो आणि छानच वाजतो. 86-87 डेसिबलचा स्पीकर, मोठा हॉल, सिनेमाही पाहायचा असेल तर ट्रान्झिस्टर घ्यावा. व्हॉल्व्ह घेणाऱ्याने बदलीच्या नळ्यांचा खर्च धरून ठेवावा. त्या आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो, तेव्हा झाकण उघडण्याचा मोह आवरावा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो किलोच्या भावाने मिळत नाही.