घाटाचा राजा, मुक्काम लालबाग

लालबागचा राजा वर्षाकाठी दहा-अकरा दिवस बसतो. आमच्या चाळीतले बापू गॅलरीत बाराही महिने बसतात. तेही राजेच, पण घाटाचे. म्हणजे झाले असते.

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढेल तो ‘घाटाचा राजा’. तरुणपणी बापू ही शर्यत एकदा धावले आणि त्यानंतर आजवर बोलत आहेत. नवा भाडेकरू आला की लेंगा गुडघ्यापर्यंत वर जातो. पिंडरीवरच्या टरारलेल्या शिरेवर बोट ठेवून बापू म्हणतात, “हात लाव, लाव! खोपोलीपासून एकदाही उतरलो नव्हतो.”

परवा नातवानं मोबाइलवर पॅरिस–रूबे शर्यत लावली. “आजोबा, १८९६ पासून चालू आहे. अडीचशेच्या वर किलोमीटर, त्यातले पन्नासेक नुसते दगडी रस्ते. ‘उत्तरेचा नरक’ म्हणतात हिला.”

बापूंनी चष्मा पुसला. “घाट कुठाय?”

“घाट नाही. सगळं सपाट.”

“मग नरक कसला डोंबलाचा? अरे, आम्ही ट्रामच्या रुळांमधल्या दगडांवर सायकल शिकलो. खाचेत चाक अडकलं की सायकल लालबागला आणि आपण परळला! १९६४ साली ट्राम बंद झाली म्हणून तुमच्या पिढीचे गुडघे शाबूत. बरं, जिंकणाऱ्याला देतात काय?”

“दगड. रस्त्यातला असतो तसाच.”

बापूंनी खाली उखडलेल्या फुटपाथकडे पाहिलं. “कळव त्यांना. पेव्हर ब्लॉक हवे तेवढे न्या म्हणावं. सायकल न चालवताही मिळतील.”

“पण बापू, तुमचा नंबर कितवा आला?” हा प्रश्न चाळीत फक्त नवखेच विचारतात. उत्तर एकच: “पंक्चर!” फक्त त्याची जागा दरवेळी बदलते. आमच्या लहानपणी ते खोपोलीत झालं होतं, पुढे दहा सायकली होत्या. आम्ही कॉलेजात गेलो तोवर ते शिंगरोबाच्या देवळापाशी पोचलं, पुढे तिघेच उरले. मग अमृतांजन पुलाखाली झालं. २०२० मध्ये तो पूल पाडला, तसं पंक्चर खंडाळ्याला सरकलं आणि आता पुढे एकच जण आहे.

त्याला गाठायला बापूंना फार तर दोन गणपती लागतील.