नानकटाईवर मोर्तब

अहमदनगरच्या किल्ल्यास मोगलांचा वेढा पडला असता तोफांसाठी लागणारे शिसे संपले, तेव्हा चांदबिबीने प्रथम तांब्याची, मग रुप्याची आणि अखेरीस सोन्याची नाणी तोफांत भरून शत्रूवर डागली, ही आमच्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आख्यायिका मी एकदा खंदकाशी उभा राहून बाहेरगावच्या पाहुण्यांस मोठ्या आवेशाने निवेदन केली. ती ऐकून पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी तरळले, आमच्या कुटुंबाने मात्र एवढेच विचारले, "मग ती नाणी नंतर वेचली कुणी?"

इतका मूलगामी प्रश्न आमच्या शहरात त्यापूर्वी कोणी उपस्थित केल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. पुढे १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांच्या पदरात टाकून चांदबिबीने नगर राखले, हे मी सांगताच मात्र सौभाग्यवतीची मुद्रा प्रसन्न झाली. कारण जुनी विजार देऊन नवे पातेले घेताना बोहारणीशी जी मसलत करावी लागते, तिचेच हे थोर प्रमाणावरील उदाहरण असल्याचे तिच्या तत्काळ ध्यानात आले. "बाई संसारी होती," असा निर्वाळा देऊन तिने चांदबिबीला नाण्यांच्या बाबतीत माफी बहाल केली.

माझी सारी हयात कचेरीत गेली. अर्ज, फिर्यादी, तहकुबी आणि थकबाकी यांच्या मिसली चाळता चाळता अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून मी सेवानिवृत्त झालो, तो यापुढे कोणाच्या हुकमतीखाली राहावयाचे नाही, एवढ्या एकाच मनोरथाने. परंतु घरी कायमचा मुक्काम पडल्यावर असे आढळून आले की, माझ्या दीर्घ गैरहजेरीत माझ्याच घरात आवक-जावक बारनिशीसह एक परिपूर्ण कचेरी स्थापन झालेली असून, तीत रिकामी असलेली एकच जागा शिपायाची आहे. या कचेरीच्या कारभाराचे पहिले कलम असे, की घरातील कोणतीही वस्तू मृत झाल्याचे मान्य करावयाचे नाही. वस्तूची बदली होऊ शकते, पदावनती होऊ शकते, परंतु तिला निवृत्ती नाही. लुगड्याचे पडदे होतात, पडद्यांची पायपुसणी होतात, पायपुसण्यांचे काकडे होऊन समईत जळतात, आणि मागे उरलेली काजळी नातवाच्या गालाला तीट म्हणून लागते. दोडक्याच्या शिरांची चटणी होते, शिळ्या पोळीचा गूळ घालून लाडू होतो, भाताच्या पेजेत माझे सदरे खळीला पडतात. आणि साबणाचे झिजलेले तुकडे एकत्र दाबून जो गोळा बनतो त्याला निळा, पिवळा, गुलाबी असे पट्टे असल्यामुळे तो एखाद्या अज्ञात संस्थानच्या निशाणासारखा दिसतो.

पाण्याच्या बाबतीत तर विचारूच नये. पर्जन्यछायेतील या शहराला निजामशाहीच्या कारागिरांनी कापूरवाडी, भिंगार इत्यादी ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी आणून दिले, म्हणून इतिहासकार त्यांची वाखाणणी करतात. परंतु त्यांनी ते फक्त आणले. तांदळाचे धुवण कढीपत्त्याला, भाजी धुतलेले पाणी फरशीला आणि फरशीचे अंगणातील धुळीला, अशी त्याची टप्प्याटप्प्याने बढती लावून देणे त्यांनाही साधले नव्हते. आमच्या जावईबापूंनी पहिल्या दिवाळसणाला भाजीच्या पाण्याचे पातेले अज्ञानाने मोरीत रिते केले, त्याबद्दल त्यांस कोणी काही बोलले नाही. परंतु पुढील हिवाळ्यात नगरची बोचरी थंडी पडली असता त्यांना जी नवी गोधडी पांघरावयास देण्यात आली, तिच्या दर्शनी बाजूवरील एका ठिगळात त्यांना आपला हरवलेला तागाचा सदरा खिशासकट भेटला. गोधडीची विद्या मोठी गहन आहे. खाली-वर धडसे सुती नऊवारी, पोटात जीर्ण धोतरे आणि पंचे, आणि काठापासून मध्याकडे एकाआत एक चौकोन धरीत येणारा धावदोरा, एवढेच तिचे बाह्यांग. परंतु आत कोणाचे काय दाखल झाले आहे याची नोंद केवळ शिवणारीच्या स्मरणात असते. रात्री कूस बदलताना मी वडिलांच्या उपरण्यावरून मुलीच्या परकरावर केव्हा जातो, ते मला समजतही नाही. जावईबापूंनी मात्र ठिगळाच्या खिशात हात घातला आणि त्यांना तेथे आपला एस. टी.चा पास मिळाला. मुदत संपली होती.

२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तेव्हा गावात पुष्कळ चर्चा झाली. आमच्या घरी ती फक्त कागदाच्या अंगाने झाली. जुन्या नावाची पावतीपुस्तके आणि कोरे नमुने आता रद्दीच्या भावाने निघणार, हे ताडून सौभाग्यवतीने एका छापखान्यातून त्यांचा गठ्ठा वजनावर उचलला, आणि तेव्हापासून आमचा दैनंदिन जमाखर्च त्यांच्या पाठीवर लिहिला जातो. नव्या नावाविषयी तिला ममत्व वाटते त्याचे कारण निराळे आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी जन्मलेल्या अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जे घाट आणि देवळे बांधली, त्यांचा खर्च दौलतीच्या खजिन्यावर न टाकता खासगीच्या उत्पन्नातून केला, हे तिने कोठेतरी वाचले. आणि त्या दिवसापासून तूरडाळीच्या डब्यात तळाशी पुरलेल्या तिच्या नोटांना 'खासगी' अशी अधिकृत संज्ञा प्राप्त झाली. माझे निवृत्तिवेतन ही दौलत. दौलतीचा हिशेब रोज रात्री पैन्‌पै द्यावा लागतो. खासगीची तपासणी करण्याचा अधिकार कोणासही नाही.

यावरून वाचकांचा असा ग्रह होईल की या गृहस्थाच्या घरी वाचनाला थारा नसेल. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. ज्या शहरात १८३८ पासून जिल्हा वाचनालय नांदते आहे, तेथील माणसाला वाचल्याशिवाय करमत नाही. फरक एवढाच की मी वाचतो ते विसरण्यासाठी, आणि ती वाचते ते अमलात आणण्यासाठी. पंडित नेहरूंनी १९४४ साली आमच्या किल्ल्यात बंदिवासात असता 'भारताचा शोध' लिहिला, त्याची सुमारे हजार हस्तलिखित पृष्ठे झाली, असे मी वाचून दाखविले तेव्हा "दोन्ही बाजूंनी लिहिली होती ना?" एवढी खात्री तिने करून घेतली. त्याच किल्ल्यातील मौलाना आझाद पहाटे उठून चीनमधील मोगऱ्याच्या वासाचा चहा दुधाशिवाय कसा घेत, याचे त्यांच्या 'गुबार-ए-खातिर' या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रसंग्रहातील वर्णन मी केवळ वाङ्मयीन आनंदाप्रीत्यर्थ तिला ऐकविले. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे कोरा चहा आला. मोगरा आला नाही. आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर तिने इतक्या वेळा वाचली आहेत की, त्यांचे नगरचे बिऱ्हाड आमच्या शेजारीच असल्याप्रमाणे ती त्यांच्याविषयी बोलते. रेव्हरंड टिळकांच्या हाती पैसा म्हणून ठरत नसे. त्या महाकवीचा संसार लक्ष्मीबाईंनी कसा निभावून नेला, हा भाग आला की ती पुस्तकावरून डोळे उचलून माझ्याकडे एकवार पाहते. मी आयुष्यात एकही कविता केलेली नाही, हे सांगूनही या पाहण्यात काही फरक पडत नाही.

पाककलेत ज्याला हल्ली 'बेकिंग' म्हणतात, तो विषय आमच्या घरी ओव्हनविना चालतो. मुलीने पुण्याहून ओव्हन भेट देण्याची तयारी दाखविली होती. परंतु विजेच्या मीटरकडे बोट दाखवून तो प्रस्ताव फेटाळण्यात आला. "मुक्ताबाईनं मांडे भाजले तेव्हा तिच्याकडे कुठं ओव्हन होता?" असा सवाल आला. ज्या ज्ञानेश्वरांनी आमच्याच जिल्ह्यातील नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, त्यांचा अपमान मला सहन होईना. मी म्हणालो, "अगं, तिच्याकडे ज्ञानेश्वरांची पाठ होती." त्यावर तिने माझ्या पाठीकडे, नंतर पाठीला लावावयाच्या मलमाच्या बाटलीकडे पाहिले आणि म्हणाली, "हो, तेही खरंच." त्यामुळे केक होतो तो जुन्या रिवाजाने: जाड कढईत सीना नदीची चाळलेली वाळू, तीवर पातेले, आणि झाकणावर निखारे. हा केक खाताना कधी दाताखाली कर्रकन वाजते. पाहुणे त्याला खसखस समजतात आणि आम्ही त्यांचा गैरसमज दूर करीत नाही.

नानकटाईसाठी मात्र भट्टी गाठावी लागते. १८०३ साली वेलस्लीने किल्ला घेतला, पुढे भिंगारला छावणी वसली, आणि छावणीच्या पाठोपाठ पाव आलाच. त्या पावाच्या पुण्याईने नगरकरांना घरचे पीठ भट्टीवर नेऊन भाजून आणण्याची सोय झाली. दिवाळीच्या तोंडावर पहाटे मैदा, पिठीसाखर, रवा आणि तूप डब्यात घेऊन बायाबापड्या भट्टीवर रांग धरतात. भट्टीत लाकडे जाळून विटा तापवितात, निखारे बाजूला सारतात. पहिल्या कडक आचेवर पाव निघतो, आणि आच उतरू लागली की मग लांब दांड्याच्या फळीने नानकटाईचे पत्रे आत सरकतात. आधी घाई केली तर नानकटाई वरून करपते आणि आत कच्ची राहते. म्हणून पाव निघेपर्यंत ताटकळणे हाच त्या विद्येचा गाभा आहे, आणि ताटकळण्याचे खाते आमच्या घरी माझ्याकडे असते. सर्वांचे पत्रे एकाच रंगाचे, सर्वांच्या नानकटाया एकाच वर्णाच्या. कोणी ओळखीसाठी चारोळी लावते, कोणी पिस्त्याचा काप. चारोळीचा भाव पाहून सौभाग्यवतीने निराळी तजवीज केली. माझ्या कचेरीतील कोटाची विल्हेवाट लावताना तिने पितळी गुंड्या राखून ठेवल्या होत्या. त्यांपैकी एक गुंडी चिंच लावून उजळली, आणि प्रत्येक नानकटाईवर ती दाबून चार भोकांचा ठसा उमटविला. जुन्या पत्रांच्या शेवटी मोर्तब असे, तसे ते मोर्तब.

गेल्या दिवाळीत भट्टीवर गर्दी झाली, पत्र्यांची सरमिसळ झाली, आणि एक धिप्पाड बाई आमचा पत्रा आपला म्हणून घेऊन निघाल्या. त्यांच्या तुपाची आणि आमच्या तुपाची प्रत एक नव्हती, हे मी दुरून वासावरून सांगू शकत होतो. पण वास हा पुरावा ग्राह्य धरला जात नाही. तेव्हा सौभाग्यवतीने पदराच्या गाठीतून गुंडी काढून पत्र्यावरील नानकटाईच्या ठशात बसविली. ती भोकाला भोक लागून अशी चपखल बसली की भोवतालच्या मंडळीत एकदम शांतता झाली. बाई म्हणाल्या, "बाई बाई, सरकारी आहे होय! घ्या तुमच्या तुम्ही." सबंध नोकरीत माझ्या सहीला जो मान मिळाला नाही तो माझ्या गुंडीला मिळाला.

आता जिऱ्याचे प्रकरण. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर आमच्या दाळमंडईतील वाण्याकडे कागदी पुडे पुन्हा सुरू झाले, आणि कोणत्या तरी वाड्यातून निघालेली जुन्या मासिकांची रद्दी त्याच्या हाती लागली. पुडा सोडवून त्याचा कागद सपाट करताना वाचणे ही सौभाग्यवतीची जुनी सवय. त्यात तिला एका कथेचे पान मिळाले. नायिका दौंड स्थानकावर उतरते, हमालाच्या घोटाळ्यामुळे एका परक्या पुरुषाची ट्रंक तिच्यासोबत येते, ती ट्रंक उघडते, आणि पृष्ठ ४८ संपते. जिऱ्याच्या पुड्यात हे पान आले म्हणून पुढचे पानही जिऱ्याबरोबरच येईल, असा तिचा तर्क होता. त्यामुळे मला छटाक-छटाक जिरे आणण्यासाठी वारंवार पिटाळण्यात आले. वाण्याने मला एकदा एकीकडे घेऊन घरी कोणाच्या पोटाची तक्रार आहे काय, अशी आस्थेने पृच्छा केली. पुढच्या पुड्यांतून आम्हाला वधूवरांच्या जाहिराती, मुळव्याधीवरील एक लेप आणि एका राजकीय लेखाचा मध्यभाग प्राप्त झाला. ट्रंक उघडीच राहिली. एका पैचाही अपव्यय न सोसणाऱ्या घरात जिऱ्याच्या बरण्यांची ओळ लागली, आणि या खर्चाचा तपशील त्या रात्रीच्या जमाखर्चात कोणत्याही सदराखाली आढळला नाही. माझा तर्क असा आहे की ती रक्कम खासगीतून गेली.

शेवटी शोध लागला तो घरातच. सासूबाईंकडून वारसाने आलेले उपयुक्त सूचनांचे एक दप्तर आमच्याकडे आहे: मासिकांतील कात्रणे खळीने पक्की चिकटविलेली एक जाडजूड वही. दिवाळीसाठी नानकटाईचे प्रमाण काढावयास ती वही उघडली, तो त्या कात्रणाच्या कोपऱ्यात मला पृष्ठांक ५० दिसला. टाइप तोच, समासातील वेलबुट्टी तीच, कागदही तोच. अर्थात त्याच कागदाच्या उलट अंगाला, वहीच्या पानाला घट्ट बिलगून, पृष्ठ ४९ होते, आणि त्यात ती ट्रंक होती. मी पान खिडकीशी धरून पाहिले. पाकक्रियेतून उलटी अक्षरे अंधुक दिसत होती, त्यांत 'डोळे' आणि 'पत्र' एवढे दोन शब्द लागले. मी सुचविले की, कोमट पाण्याचा हलका हात फिरवून कात्रण अलगद सोडवावे.

सौभाग्यवतीने वही माझ्या हातून काढून घेतली. "आणि शाई पसरली म्हणजे? गोष्टीचा शेवट काय, कुणाचं तरी कुणाशी लग्नच होणार. तुपाचं प्रमाण पुसलं तर मी दिवाळीला काय करू?"

मी वाण्याच्या त्या पुड्यावर 'प्रकरण दप्तरी दाखल' असा शेरा मारून तो तिच्यापुढे ठेवला. तिने शेरा वाचला, पुडा उलटला, आणि त्याच्या कोऱ्या समासात सणासाठी आणावयाच्या वाणसामानाची यादी लिहून माझ्या हाती पिशवीसह दिली. यादीत जिरे नव्हते.