सुट्टीतला कारकून

दहावीचा शेवटचा पेपर देऊन आलेल्या मुलाइतका मोकळा माणूस महाराष्ट्रात दुसरा नसतो. पुढची काळजी करायला आई-वडील असतात, मागची करायला बोर्ड असतं. पूर्वी अशा मुलांना सरळ टायपिंगच्या क्लासला घालत, म्हणजे दुपारी घर शांत राहत असे. आमच्या भाच्याने मात्र यंदा जाहीर केलं, "मामा, मी पार्ट टाइम जॉब करणार. ऑफिसमध्ये." ऑफिसमध्येच का? तर तिथे एसी असतो. करिअरचा इतका स्वच्छ विचार मला चाळिशीतही जमलेला नाही.

बायोडेटा लिहायला बसला तेव्हा नाव, पत्ता, जन्मतारीख झरझर उतरली आणि 'अनुभव' या शब्दापाशी पेन थांबलं. बराच वेळ विचार करून त्याने लिहिलं, "गणपती मंडळात वर्गणीच्या पावत्या फाडणे." ते त्याच्या आईने खोडलं. मला विचाराल तर तेवढ्या एका ओळीवर त्याला ठेवून घ्यायला हवं होतं. दारात उभं राहून पैसे मागणं, पावती करणं, आणि 'उद्या या' म्हणणाऱ्याकडे खरोखर उद्या जाणं, हे तिन्ही जमणारी माणसं भल्याभल्या बँकांना मिळत नाहीत.

कायद्याचीही एकदा चौकशी झाली, कारण आमच्या घरात कुठलंही शुभकार्य शंका काढल्याशिवाय होत नाही. बालकामगारांचा कायदा १९८६ चा. २०१६ मध्ये तो सुधारला. चौदाच्या आतल्या मुलांना कामाला लावायचं नाही, अपवाद अगदी मोजके. चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याची कामं तेवढी वर्ज्य : खाणी, स्फोटकं, ज्वालाग्राही पदार्थ वगैरे. पुढे त्याला नोकरी मिळाली ते सीएचं ऑफिस त्या यादीत नाही. यादी करणाऱ्यांनी मार्चअखेर पाहिली नसावी. बाकी १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्याशी करारच होत नाही, त्यामुळे पुढे पगाराचा आकडा 'बघू, देऊ काहीतरी' या स्वरूपात ठरला. तो ठेवायची सोय मात्र चोख आहे. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवायची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच दिली.

मोबाइलवरून केलेल्या अर्जांना कुठूनच उत्तर आलं नाही. नोकरी लागली ती सोसायटीच्या जिन्यात. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सीए काकांना त्याच्या वडिलांनी सहज विचारलं आणि काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ३१ मार्चला हिशेबाचं वर्ष संपतं, अशिलांच्या पिशव्या यायला लागतात, आणि नेमकी तेव्हाच आर्टिकलशिपची मुलं मे महिन्याच्या परीक्षेसाठी रजेवर जातात. ही फट दहावीच्या मुलाच्या बरोबर मापाची असते. अकरा ते तीन. घरी काका, ऑफिसात सर.

पिशव्या म्हणजे खरोखरच्या पिशव्या, बहुतेक साड्यांच्या दुकानांच्या. त्यात अख्खं वर्ष कोंबलेलं. पेट्रोल पंपाच्या पावत्या तर उन्हाळ्यापर्यंत कोऱ्या होतात, छपाईच उडते. म्हणून हाती येतील त्या आधी झेरॉक्स करायच्या. कुठल्या बिलाच्या पाठीवर 'दूध २, कढीपत्ता', कुठल्यावर कुणाचा तरी मोबाइल नंबर. सगळं तारीखवार लावायचं आणि फाइल करायचं. फाइल करणं हीसुद्धा विद्या आहे. कागदाच्या कडेला मधोमध हलकी चिमटी घ्यायची, ती खूण पंचिंग मशीनच्या मधल्या बाणाशी जुळवायची, मग दाबायचं. भाच्याने घरी येऊन हे आम्हाला करून दाखवलं. माझी हयात फायलींत गेली, आणि तिथली भोकं कायम तिरकी.

खरी गंमत पुढे झाली. एका दुकानदाराचं बँक स्टेटमेंट आणि टॅलीतला आकडा १८० रुपयांनी जुळेना. भाचा दुपारभर एंट्र्या तपासत बसला. सरांनी जाता जाता पाहिलं आणि विचारलं, "नऊने भाग जातोय ना? मग आकडे उलटे पडलेत. शोध." आणि निघाले की खरंच! ५,६४० चे ५,४६० झाले होते. शेजारचे दोन अंक एकमेकांच्या जागी बसले की फरक नऊच्याच पटीत पडतो. नऊची कसोटी पोराने शाळेत कधीच घोकली होती, पण ती कुणाच्या तरी दुकानासाठी असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी युक्तीही लगेच कळली. फरक निम्मा करून तेवढी रक्कम शोधायची, ती नावेऐवजी जमेला पडलेली असू शकते. त्या संध्याकाळी त्याने आईच्या भिशीच्या वहीवर दोन्ही युक्त्या चालवल्या. भिशीत काही सापडलं नाही, पण माझी बहीण आठवडाभर वही कुलपात ठेवत होती.

मला वाटतं, पोरगा तिथे जेवढं काम शिकला त्याहून जास्त त्याने मोठी माणसं पाहिली. नाक्यावर ज्याच्या आवाजाने रिक्षावाले बाजूला होतात तो हार्डवेअरवाला सरांसमोर गृहपाठ न केलेल्या पोरासारखा बसतो. 'ही रक्कम कुठे गेली?' या प्रश्नावर पंख्याकडे बघतो. आणि त्याला चहा नेऊन देणारा पोरगा मान खाली घालून फाइल चाळत राहतो. त्या हिशेबातलं एक अक्षरही त्याने घरी सांगितलं नाही. मी बरंच खोदून पाहिलं. "मामा, क्लायंटचं सांगायचं नसतं," म्हणाला. एरवी हाच मुलगा शेजारच्यांच्या भांडणाचं धावतं समालोचन करतो.

शेवटच्या दिवशी सरांनी पाकीट दिलं, पाठ थोपटली आणि सल्ला दिला, "काहीही हो, पण सीए होऊ नकोस." तो घरी आला आणि म्हणाला, मी कॉमर्स घेणार. त्याच्या वडिलांनी सायन्सचा क्लास आधीच लावून ठेवलाय. फी भरल्याची पावती भाच्याने मागून घेतली, झेरॉक्स काढली आणि विचारलं, "नाव काढून घेतलं तर यातलं परत किती मिळतं?"