भव्य? किती फूट?

नागोठण्याच्या एसटी स्टँडवर गुरुजी बसलेले असले की ‘भव्य’ म्हणायची आमची छाती होत नाही. ‘भव्य? किती फूट?’ हा प्रश्न येतोच, आणि मग रोह्याची गाडी लागेपर्यंत सुटका नाही.

निवृत्त होऊन जमाना झाला, तरी खिशाला लाल पेन आहेच. ‘भव्य कबड्डी’, ‘भव्य हळदीकुंकू’, दिसेल त्या बॅनरवर रेघ!

गणपतीच्या आधी पेणहून प्लास्टिक पांघरलेल्या मूर्तींचे टेम्पो हायवेने खाली जातात. त्यातला एक उंच गणपती बघून कुणीतरी म्हणालं, ‘काय पुतळा आहे!’ झालं.

‘पुतळा चौकात उभा राहतो रे. प्राणप्रतिष्ठा होते ती मूर्ती. आणि पुतळा म्हणजे मुळात बाहुला! आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आठव, केवढ्याशा त्या.’

मग चहा मागवून (पैसे आम्हीच द्यायचे) स्वारी थेट ग्रीसला. ‘कोलोसस’चा अर्थही आधी नुसती प्रतिमा असाच होता. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात रोड्स बेटावर शंभरेक फुटी सूर्यदेव उभा केला आणि शब्दच उंच झाला. ‘सूर्यदेव पन्नासेक वर्षांत भूकंपाने गुडघ्यात मोडला. शब्द बघ, अजून उभा!’

मी केवडियाच्या १८२ मीटरच्या पुतळ्याचा विषय काढला. ‘तो आपल्या धुळ्याकडच्या राम सुतारांचा,’ म्हणून गुरुजी क्षणभर सुखावले. पण लगेच श्रवणबेळगोळ. ५७ फुटी बाहुबली, एका दगडातला, हजार वर्षांपूर्वीचा. पायाशी मराठी अक्षरं: श्रीचावुण्डराजें करवियलें.

‘करवियलें! बस्स. भव्य म्हटलंय कुठे?’

नाव घालायची हौस तेव्हाही होतीच म्हणा, पण हे मी मनातच म्हटलं. चहा अजून संपायचा होता.

परवा गुरुजींना पंचाहत्तर लागली. पोरांनी स्टँडसमोर बॅनर लावला, ‘गुरुजींचा भव्य सत्कार’, खाली हात जोडलेले गुरुजी, नखशिखांत. गुरुजींनी पेन काढलं, टाचा उंचावल्या. हात पोचला तो स्वतःच्याच गुडघ्यापर्यंत.

‘किती फूट आहे रे?’

‘पंधरा, गुरुजी.’

गुरुजींनी मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

‘मग असू दे.’