खिशात खडकू नसताना घरमालक कसं व्हावं

भाड्याच्या उत्पन्नावर आरामात जगायचं ठरवलंत, उत्तम. फक्त त्यासाठी नोकरी सोडू नका. घरमालकाला पक्की नोकरी लागते.

वाघोलीच्या बाजूला ५० लाखांचा वन बीएचके धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे या किमतीच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देते. वरचे १० लाख तुमचे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख, आणि नोंदणीचे ३० हजार. हे पैसे बँक घराच्या किमतीत धरतच नाही. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर शुल्कात एक टक्का सूट मिळते, ५० हजार वाचतात. शेजारी तुमचं नाव घातलं की सूट गेली. म्हणून बरेचसे घरमालक हे कागदोपत्री घरमालकिणीचे दिवाणजी असतात. बाकी रक्कम पीएफ आणि सासरे यांच्यातून उभी राहते. सासऱ्यांना आधी विचारा, पीएफ कुठे पळत नाही.

आता उत्पन्न. ४० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता ३४,७०० च्या आसपास. भाडं फार तर १५-१६ हजार. त्यातून मेंटेनन्स तुमच्याच माथी, शिवाय स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावणार. थोडक्यात, त्या घरात राहण्याचे भाडेकरू पंधरा हजार देतो आणि न राहण्याचे तुम्ही वीस हजार देता. नातेवाइकांना सांगताना पहिलाच आकडा सांगावा.

भाडेकरू पारखून घ्यावा. नवरा-बायको, दोघंही नोकरीला, मूल नको, पाहुणे नकोत, स्वयंपाक करावा पण फोडणीचा वास जिन्यात येऊ नये आणि भिंतीला एकही खिळा ठोकू नये. या वर्णनाची माणसं स्वतःच्या घरात राहतात. तुमच्याकडे येतात लातूरची दोन आयटीतली पोरं. सोसायटीचे सेक्रेटरी ‘बॅचलर चालत नाहीत’ म्हणतील. त्यांच्या घरी चहाला जा, मुलगा अमेरिकेत काय करतो ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. चालतात.

करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, असं सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. त्याचं ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि जबाबदारी मालकाची. नसेल तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. वर, वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करत बसावं लागतं. (तीन महिन्यांच्या कैदेत राहण्या-जेवणाचा खर्च वाचतो, पण हप्ता चालूच राहतो.)

डिपॉझिट ही परत द्यायची रक्कम आहे, हे ती हप्त्यात जिरण्याआधी आठवलेलं बरं. दुरुस्तीही त्यातून धरू नका, ती तुमच्याच खिशातून. एक दिवस सकाळी पावणेसातला व्हॉट्सअ‍ॅप येईल: ‘काका, गिझर.’ खाली फोटो: एक पिन वितळून सॉकेटमध्येच अडकलेली, भोवतालच्या टाइल्सवर काजळी. तुम्ही ‘बघतो’ म्हणा. इलेक्ट्रिशियनही तेच म्हणेल. दोघं मिळून आठवडा काढता येतो.

हे सगळं झेपणारं नसेल तर रीट नावाची सोय आहे. भारतात पहिला रीट २०१९ मध्ये शेअर बाजारात आला. काही शे रुपयांना एक युनिट मिळतं आणि हिंजवडी-ऐरोलीतल्या आयटी पार्कांच्या भाड्यात तुमचा वाटा पडतो; वाटण्याजोग्या रकमेतले किमान ९० टक्के वाटावेच लागतात. हप्ता नाही, सेक्रेटरी नाहीत, गिझर नाही. पण लग्नाच्या पंगतीत ‘आमची रीटची चार युनिटं आहेत’ म्हटलं की शेजारचा मठ्ठ्याकडे वळतो. शिवाय रविवारी सकाळी न सांगता आयटी पार्कात जाऊन, भिंतीला हा खिळा कोणी ठोकला म्हणून विचारायची सोय नाही.