मेलबर्नचा सुटीबहाद्दर

मेलबर्नच्या पश्चिमेकडील टारनीट, पॉइंट कुक, वेरिबी या उपनगरांत जी मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत, त्यांच्यात पन्नाशीला टेकलेल्या पुरुषांचा एक वर्ग असा आढळतो, की ज्याचे खरे आयुष्य शुक्रवारी संध्याकाळी सुरू होते आणि रविवारी रात्री इस्त्रीच्या टेबलापाशी संपते. प्रस्तुत लेखात या वर्गातील माणसाला सोयीसाठी 'सुटीबहाद्दर' असे म्हटले आहे.

त्याची पहिली खूण म्हणजे सायकल. ज्या पुण्यात तो वाढला, ते एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तेथे त्याचे वडील सायकलने कचेरीत जात, कारण दुसरे काही परवडत नव्हते, आणि मुलाने पहिल्या पगारातून स्कूटर घेतली तेव्हा घरी पेढे वाटले गेले. तोच मुलगा आता त्या स्कूटरच्या कितीतरी पट किमतीची कार्बन फायबरची, म्हणजे कर्बाच्या तंतूंपासून घडवलेली व एका हाताने उचलता येणारी, सायकल बाळगतो आणि तिचे वजन आणखी पावशेराने घटवण्यासाठी नवे सुटे भाग मागवतो. तेवढे वजन स्वतःचे घटवले असते तर फुकटात काम झाले असते, हे पत्नीचे मत त्याने आजवर विचारात घेतलेले नाही.

पुण्यातील हेल्मेटसक्तीच्या विरोधात त्याने कट्ट्यावर भाषणे केलेली असतात. परंतु सायकलस्वारांवर हेल्मेटची सक्ती करणारे जगातील पहिले राज्य व्हिक्टोरिया असल्याने (हा कायदा 1990 चा आहे) येथे तो निमूटपणे डोके झाकतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर या वसंताच्या सुमारास मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी पिलांच्या रक्षणासाठी सायकलस्वारांवर मागून झडप घालतो, म्हणून त्या दिवसांत हेल्मेटवर वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या खोवल्या जातात, आणि अंगासरशी बसणाऱ्या लायक्राच्या पोशाखात हा गृहस्थ पोट सुटलेल्या सायाळीसारखा दिसू लागतो. पक्ष्यावर या उपायाचा फारसा परिणाम होत नाही.

त्याच्या घराजवळून फेडरेशन ट्रेल हा सपाट व सुरक्षित सायकलमार्ग जातो. मात्र एके काळी शहराचे सांडपाणी वेरिबीकडे वाहून नेणाऱ्या जुन्या कालव्याच्या कडेने तो आखलेला असल्यामुळे नातेवाइकांना छायाचित्रे पाठवताना अडचण येते. साहजिकच सुटीबहाद्दर पहाटे सायकल मोटारीवर चढवतो, जेथे सायकलींना मज्जाव आहे तो वेस्ट गेट पूल ओलांडतो, आणि सेंट किल्डापासून समुद्राकाठाने जाणाऱ्या बीच रोडवर पोचतो. सायकल त्याला वाहून नेते त्यापेक्षा अधिक अंतर तो सायकलला वाहून नेतो, हे हिशेबाने सहज दाखवता येईल. पण हिशेब तो फक्त मनगटावरच्या घड्याळातील उष्मांकांचा ठेवतो.

जाळलेल्या या उष्मांकांची भरपाई तेथल्याच कॅफेत होते. बर्नार्ड सॉल्ट या स्तंभलेखकाने 2016 मध्ये तरुण पिढीविषयी लिहिले होते, की 22 डॉलरचा अॅव्होकाडो-टोस्ट खाण्याऐवजी त्यांनी घरासाठी पैसे साठवावेत. सुटीबहाद्दराने घराचे कर्ज आधीच काढलेले असल्याने तो हा टोस्ट निर्धास्तपणे खातो. घरी आल्यावर तो नाचणीची भाकरी मागतो. लहानपणी याच भाकरीचे ताट त्याने सरकवले होते, ही गोष्ट सुटीला आलेल्या आईला आठवते, परंतु 'सुपरफूड' म्हणजे काय यावरचे त्याचे विवेचन चालू असल्याने तिला बोलायला जागा मिळत नाही.

दुपार छंदांसाठी राखीव असते. कढीपत्त्याची कुंडी थंडी लागू नये म्हणून घरात घेणे आणि उन्हासाठी पुन्हा बाहेर नेणे हा पहिला छंद. त्यासाठी लागणारी माती आणायला बनिंग्ज या अवजारांच्या दुकानी जावे लागते, जिथे दाराशी धर्मादाय संस्था पावात सॉसेज व कांदा घालून विकतात; खाली सांडलेल्या कांद्यावरून कोणी पाय घसरून पडू नये म्हणून तो सॉसेजच्या खाली घालावा, असा फतवा या दुकानाने 2018 मध्ये काढला आणि त्यावर देशभर वाद झाला. सुटीबहाद्दर या वादात कांद्याच्या बाजूने असतो. सॉसेज खाल्ल्याचे मात्र तो घरी सांगत नाही.

हवा बिघडली, गुडघा दुखला किंवा मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाची तालीम निघाली, की सायकल गॅरेजमध्ये महिनोन्महिने उभी राहते. ज्या वाचकांना मेलबर्नमध्ये स्वस्तात सायकल हवी असेल, त्यांनी नवी घेण्यापूर्वी अशा एखाद्या गृहस्थाच्या पत्नीकडे चौकशी करावी.