दोन हाफ

पनवेल-अलिबाग एसटीत कंडक्टरने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मशिनवर बोट आपटत म्हणाला, "दोन हाफ."

बायकोचं हाफ मला मान्य होतं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे आणि तेव्हापासून आमच्या घरात माझं प्रवासाला येणं हा फालतू खर्च समजला जातो. पण दुसरं हाफ मिळतं ते पासष्टी ओलांडलेल्यांना. मी ५७ वर्षांचा आहे.

"माझं फुल," मी म्हणालो.

"राहू द्या हो काका. आधार नसलं तरी चालेल. दिसतंय की."

भांडून फुल घेतलं. जास्त पैसे द्यायला एसटीत भांडलेला मी बहुधा पहिलाच प्रवासी. वडखळपर्यंत बायको खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. रस्ता खराब आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आठवड्याच्या आत मी वाशीच्या एका स्किन क्लिनिकमध्ये होतो. आजूबाजूला सगळ्या पंचविशीतल्या मुली, एकीच्याही चेहऱ्यावर मला दुरुस्त करण्यासारखं काही दिसेना. लेकीला न्यायला आलेल्या बापासारखा चेहरा करून बसलो. तेवढ्यात माझ्याच नावाचा पुकारा झाला.

"सर, तुमची स्किन डिहायड्रेटेड आहे," टॅब्लेट घेऊन बसलेली मुलगी म्हणाली. मी दिवसाला आठ ग्लास पाणी पितो असं सांगितलं. ते पाणी वेगळं आणि हे पाणी वेगळं, असं कळलं. मग तिने पर्याय मांडले, साड्यांच्या दुकानात घड्या उलगडतात तसे. एक प्रोफायलो: चेहऱ्याच्या एका बाजूला पाच टोचे, दुसऱ्या बाजूला पाच, चार आठवड्यांनी पुन्हा तेवढेच. दुसरं रेस्टिलेन व्हायटल: त्याचे टोचे बारीक आणि पुष्कळ, खेपा तीन. दोन्हींत मूळ माल एकच, हायल्युरॉनिक ॲसिड. हे आपल्या कातडीत मुळातच असतं आणि पाणी धरून ठेवतं. गाल फुगवायचे फिलर वेगळे. हे नुसतं कातडीखाली पसरतं. "फुगणार नाही सर, खुलेल," ती म्हणाली. म्हणजे साबुदाण्यासारखं, हे मला लगेच समजलं. पाणी जास्त झालं की गिच्च गोळा, कमी पडलं की टचटच, आणि नेमकं बसलं की दाणा मोकळा आणि मऊ. माझा साबुदाणा भिजवायलाच विसरले होते.

तिसरा पर्याय कोरियाचा, रेजुरान. त्यात सामन माशाचा डीएनए असतो. मी अलिबागचा, माशाचं नाव काढल्यावर जीव रमला. "माशाचा कुठला भाग?" मी विचारलं. मुलीने आवाज खाली आणला आणि नर माशाचा जो भाग सांगितला तो ऐकून मी टॅब्लेटकडे बघत राहिलो. गाबोळी मी आवडीने खातो. पण गाबोळीच्या यजमानांना गालात घ्यायची माझी तयारी नव्हती.

विचार करायला म्हणून रात्री वाचत बसलो आणि तिथे मला कोंबडा भेटला. हे ॲसिड १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांना सापडलं, तेही गुराच्या डोळ्यातल्या काचेसारख्या गरात. त्याच्या नावातही काचेचा ग्रीक शब्द आहे. पण पुढे एंद्रे बालाझ या हंगेरीतून अमेरिकेत गेलेल्या शास्त्रज्ञाने ते भरपूर काढलं ते कोंबड्याच्या तुऱ्यातून. तुऱ्यातून! आता क्लिनिकमधला माल बहुतेक जिवाणूंकडून करवून घेतात, पण मला जिवाणूंत रस नव्हता. मला आमचा हवालदार आठवला.

हवालदार म्हणजे आमच्या अलिबागच्या परसातला कोंबडा. तुरा एवढा मोठा की एका बाजूला कलंडून डोळ्यावर यायचा, म्हणून तो सतत मान तिरकी करून बघायचा आणि त्यामुळे समोरच्याला आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटायचं. कोंबड्या जोडीदार निवडताना तुरा बघतात, असं पाखरांचा अभ्यास करणारे सांगतात. हवालदाराने तो अभ्यास न वाचताच ओळखलं होतं. विहिरीजवळच्या पाटात पाणी साठलं की तो वाकून स्वतःकडे बघत उभा राहायचा. पाणी प्यायचा नाही, लाट उठेल म्हणून. पावसात तुरा भिजून गालावर पडला की दोन दोन दिवस गवताच्या माचाखाली तोंड लपवून बसायचा आणि आरवायचाही नाही. आईने एकदा दया येऊन त्याच्या तुऱ्याला खोबरेल लावलं. त्यानंतर तो रोज सकाळी तिच्यासमोर मान पुढे करून उभा राहू लागला. आई म्हणायची, "घरात एवढे पुरुष आहेत, पण सांगून नटणारा हा एकटाच."

हे सगळं मी बायकोला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही, हे ऐकलं होतं. कोंबडं टोचून राहतं का?"

मी बँकेतला माणूस. भागाकार केल्याशिवाय मला झोप येत नाही. प्रोफायलोच्या एका सुईत २ मिलिलिटरमध्ये ६४ मिलिग्रॅम ॲसिड. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात हेच ॲसिड सुमारे १५ ग्रॅम असतं आणि त्यातला तिसरा हिस्सा शरीर रोज मोडतं आणि रोज नवा घडवतं. म्हणजे जे माझं अंग दिवसाला पाच ग्रॅम, चहाच्या चमच्याएवढं, फुकट करतं, त्याच्या अठ्ठ्याहत्तराव्या हिश्श्याला मी बावीस हजार मोजणार होतो. असला कर्जाचा प्रस्ताव समोर आला असता तर मी शेरा मारून परत पाठवला असता. सकाळी उठून क्लिनिकला फोन केला. सात मिनिटांत प्रोफायलो ठरलं, पैसेही गेले.

डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्या पेन्सिलने चेहऱ्यावर दहा ठिपके काढले: गालफडावर, नाकपुडीशेजारी, कानापुढे, जबड्याच्या कोनात, हनुवटीवर. सुई टोचली तशी प्रत्येक ठिपक्याची गांधी उठली. दिवसभरात बसेल म्हणाल्या. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी पोराला मागे ओढलं.

दार आईने उघडलं. ती तेव्हा आमच्याकडेच होती. ८१ वर्षांची आहे, चष्म्याशिवाय तांदूळ निवडते. "कांजिण्या का रे?" मी खोटं बोलणार होतो, पण तिच्यासमोर अजून जमत नाही. सांगितलं, पाणी धरून ठेवणारं जेल असतं, आधी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे. हवालदाराची आठवण काढून ती हसेल असं वाटलं होतं. ती जरा वेळ बघत राहिली.

"म्हणजे माझ्या गुडघ्याचं ते तुझ्या गालाला दिलं का?"

हाडांच्या डॉक्टरांनी सात महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. गुडघ्यातलं वंगण कमी झालंय, जेलचं इंजेक्शन देऊन बघू. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, काहींना येतो. तेच ॲसिड. बालाझनेच ते पूर्वी शर्यतीच्या घोड्यांच्या सांध्यांत घातलं होतं. मी किंमत विचारली आणि "विचार करून सांगतो" म्हणालो. नक्की गुण येईल याची लेखी हमी मागावी तसा सात महिने विचार केला. या वयात कशाला, म्हणालो. तेल लाव, म्हणालो. तिने लावलंही, रोज, खाटेच्या कडेला बसून, पदर गुडघ्यावरून बाजूला करून, वाटीतलं तेल संपेपर्यंत. माझ्या गालाला गुण येईल का, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलंसुद्धा नव्हतं.

ती टोचून बोलली नव्हती, हे सांगायला हवं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

त्याच आठवड्यात इंजेक्शन दिलं. गुण आला का, हे अजून नीट सांगता येत नाही. ती "बरं आहे" म्हणते, पण ती ताप असतानाही तेच म्हणते. महिन्याभराने तिला अलिबागला सोडायला निघालो. एसटीनेच, पंच्याहत्तरीनंतर सरकार फुकट नेत असताना टॅक्सीला पैसे घालणं तिला उद्धटपणा वाटतो. चढताना तिने दांडा दोन्ही हातांनी धरला, डावा पाय वर ठेवला, उजवा त्याच्याशेजारी आणला, थांबली. मग पुन्हा डावा. मागच्या माणसाने "चला आजी" म्हटलं तेव्हा मी त्याच्याकडे हवालदारासारखं बघितलं.

कंडक्टर तोच होता. मी आधीच "एक फुल" म्हणालो आणि त्याने फुल दिलं. मात्र तो मशिनकडे बघत होता, त्यामुळे दोन खेपांच्या चव्वेचाळीस हजारांचा हिशेब अजून लागलेला नाही. मग तो आईकडे वळला.

"आजी, पंच्याहत्तर पूर्ण का? कार्ड दाखवा."

आईने बटवा उघडला, कार्ड काढलं, त्याने बघून परत दिलं. ती ते लगेच आत ठेवेना.

"बघितलंस? विचारलंन मला."

पोयनाड येईपर्यंत तिने हे तीनदा सांगितलं. एकदा मला आणि दोनदा पलीकडच्या सीटवरच्या बाईंना.